वेगवान गाडीचे ब्रेक पॅड बदलताना कोणते कंपाउंड (पॅडचे घर्षण-मिश्रण) निवडावे?

घाटवळण (धागाकर्ता)

माझ्याकडे दोन लिटर टर्बो इंजिनाची, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आहे. चालकासह वजन साधारण १५०० किलो भरते. रोजच्या कामासाठी हीच गाडी वापरतो, महिन्यातून एकदोनदा पहाटे घाटात नेतो आणि वर्षातून दोनतीन दिवस बंदिस्त ट्रॅकवर चालवतो. इंजिन, टायर आणि सस्पेन्शन यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती ब्रेकबद्दल.

गेल्या महिन्यात एक लांब घाट उतरताना शेवटच्या टप्प्यात पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाऊ लागले. जळका वास येत होता, आणि गाडी बाजूला घेऊन पाहिले तेव्हा पुढच्या चाकापाशी हात नेता येत नव्हता. वीसएक मिनिटांनी पेडल पूर्ववत झाले. त्याआधी ट्रॅकवर आलेला अनुभव मात्र निराळा होता. तिथे चौथ्या फेरीपासून पेडल जागच्या जागी कडक लागत होते, पण तेवढ्याच दाबाला गाडी ऐकेनाशी झाली होती आणि वळणाआधी अक्षरशः पेडलवर उभे राहावे लागत होते.

पॅड कंपनीने दिलेले मूळचेच आहेत. त्यांच्या जागी रस्त्यासाठीचे स्पोर्ट पॅड घ्यावेत, रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी म्हणून विकले जाणारे मधल्या प्रतीचे पॅड घ्यावेत, की सरळ शर्यतीचे पॅड लावून विषय संपवावा, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. चुकायचेच असेल तर तापमान जास्त सोसणाऱ्या पॅडच्या बाजूने चुकलेले बरे, असे माझे आजचे मत आहे.

दहाचा पाना

तुम्ही एकाच परिच्छेदात दोन वेगळे आजार सांगितले आहेत, आणि पॅडने त्यांतला एकच बरा होतो.

पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, याचा अर्थ दाब कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅडना दाबणाऱ्या पकडीपर्यंत, व्यवस्थित पोहोचतो आहे, पण पॅड आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क यांच्यातले घर्षण घटले आहे. हा पॅडचा दोष. पेडल मऊ होऊन खाली बसते, तेव्हा मात्र ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो. ऑइल निवले की वाफ पुन्हा द्रवात जिरते आणि पेडल वर येते. तुमची वीस मिनिटे ती हीच.

तेव्हा पहिला प्रश्न पॅडचा नाहीच. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले होते?

घाटवळण

गाडी घेतल्यापासून बदललेले नाही. तीन वर्षे झाली. पातळी बरोबर होती, म्हणून तिकडे कधी लक्षच गेले नाही.

दहाचा पाना

पातळी बरोबर असणे आणि ऑइल चांगले असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ग्लायकॉलवर आधारलेले ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणापाशी हा ओलावा आत शिरत राहतो, गाडी नुसती उभी असली तरी. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की प्रमाणकानुसार तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. तीन वर्षांच्या ऑइलवर घाट उतरणे म्हणजे या दुसऱ्या आकड्याच्या जवळपास राहून गाडी चालवणे होय.

हे ऑइल जसेच्या तसे ठेवून तुम्ही शर्यतीचे पॅड लावले असते, तर पॅड टिकले असते आणि पेडल पुन्हा खाली गेले असते. किंबहुना अधिक लवकर गेले असते, कारण धातूचे प्रमाण जास्त असलेले पॅड उष्णता कॅलिपरमधल्या पिस्टनकडे अधिक सहजपणे पोहोचवतात.

एक सूचना. डॉट ५ हे सिलिकोनचे असते, आणि नावात साम्य असले तरी ते ५.१ चे भावंड नव्हे. ते तुमच्या गाडीत घालू नये आणि ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळूही नये. स्थैर्यनियंत्रण असलेल्या बऱ्याच आधुनिक गाड्यांना पातळ डॉट ४ लागते, कारण त्यांचे व्हॉल्व्ह अतिशय वेगाने उघडतात-मिटतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

हिशेबी

वरच्या प्रतिसादाला थोड्या गणिताची जोड देतो, म्हणजे घाटात आणि ट्रॅकवर वेगवेगळे का घडले ते उमगेल.

१५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवायची, तर सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. वेग दुप्पट, म्हणजे २०० असेल, तर ऊर्जा चौपट होते, सुमारे २३०० किलोज्यूल. यातला अंदाजे ७० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो असे धरू. पुढच्या प्रत्येक लोखंडी डिस्कचे वजन ८ किलो मानले, तर १०० वरून एकदा थांबताना तिचे तापमान ५५ अंशांनी वाढते आणि २०० वरून थांबताना २२० अंशांनी. ट्रॅकवर एका फेरीत असे पाचसहा जोरकस ब्रेक लागतात आणि मधल्या काही सेकंदांत डिस्क पूर्ण निवत नाही. पॅडच्या पृष्ठभागावरचे तापमान तर याहून पुष्कळ वर उसळते. म्हणून तिथे आधी पॅडने हात टेकले.

घाटाचे गणित निराळे आहे. उंचीत ६०० मीटर खाली उतरलात, तर गाडीची सुमारे ८८०० किलोज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी खर्च व्हायला हवी. ताशी १०० वरून पंधरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी ती भरते. थोडी हवेच्या रोधात जाते, थोडी इंजिन शोषते, उरलेली सगळी ब्रेकमध्ये. वेग कमी असल्यामुळे डिस्कवर हवा कमी येते, आणि ब्रेक सतत हलका टेकलेला असल्यामुळे उष्णतेला डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये झिरपायला भरपूर अवधी मिळतो. कमाल तापमान ट्रॅकपेक्षा कमी राहिले तरी ऑइल उकळते ते यामुळे.

घाट कोणत्या गिअरमध्ये उतरलात?

घाटवळण

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे आणि तो डी मध्येच होता. गिअरबॉक्सने बहुधा सर्वांत वरचा गिअर धरला होता. म्हणजे वेग रोखायला इंजिनाची मदत फारशी झालीच नाही. प्रश्नाचा रोख लक्षात आला.

सकाळचा पाऊस

शर्यतीच्या पॅडचा मोह मलाही झाला होता, म्हणून स्वतःची गोष्ट सांगतो. कंपाउंडचे नाव देत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. ते ज्या कामासाठी बनवले होते, ते काम मी त्याला दिलेच नव्हते.

ट्रॅकवर ते पॅड अप्रतिम होते. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी पाऊस पडत होता. घरापासून चारशे मीटरवर सिग्नल आहे. रोजच्या सवयीने, रोजच्याच जागी, रोजच्याच दाबाने पाय ठेवला आणि काही म्हणजे काहीच झाले नाही. लाकडाच्या ओंडक्यावर पाय ठेवावा तसे पेडल घट्ट होते आणि गाडी आपल्या चालीने पुढे जात होती. दुप्पट जोर लावल्यावर खरवडल्यासारखा आवाज करत ती पांढरी रेघ ओलांडून थांबली. समोर कोणी नव्हते म्हणून निभावले. त्याच आठवड्यात जुने पॅड परत बसवले.

अशा पॅडचा घर्षणगुणांक शंभर-दीडशे अंशांच्या वर गेल्यावरच खुलतो. शहरातल्या फेरफटक्यात डिस्क तेवढी तापतच नाही. शिवाय थंड अवस्थेत हे पॅड डिस्क कानशीसारखी घासतात. पंधराशे किलोमीटरांत माझ्या डिस्कवर नखाला लागतील अशा खाचा पडल्या. चाकांवर बसलेला तप्त धातूचा भुगा पाण्याने गंजून रंगात रुतला, तो धुऊन निघाला नाही. ब्रेक लावताना होणाऱ्या कर्कश आवाजाबद्दल शेजाऱ्यांनी काय म्हटले ते इथे लिहीत नाही.

तुम्ही लिहिले आहे की चुकायचेच तर तापमानाच्या बाजूने चुकू. माझे मत नेमके उलटे आहे. रस्त्यावर सर्वांत महत्त्वाचा ब्रेक हा दिवसाचा पहिला ब्रेक असतो, आणि तो नेहमी थंड डिस्कवर लागतो.

नवा चालक

मी मधल्या प्रतीचे पॅड लावले आणि थांबण्याचे अंतर जवळजवळ निम्मे झाले. त्यामुळे पॅडचा फरक पडत नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

हिशेबी

फरक पडत नाही असे कोणीच म्हटलेले नाही. तो कुठे पडतो, एवढाच मुद्दा आहे.

जुन्या पॅडवर जोरात ब्रेक लावल्यावर एबीएस (चाक जखडू न देणारी यंत्रणा) चालू होत असेल, म्हणजे पायाखाली थरथर जाणवत असेल, तर चाक अडवण्याची पुरेपूर ताकद त्या पॅडमध्ये आधीच होती. त्यापुढची मर्यादा टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीची असते. ताशी १०० वरून थांबताना मंदन गुरुत्वत्वरणाएवढे, म्हणजे १ जी मिळाले, तर अंतर सुमारे ३९ मीटर येते. ०.८ जी मिळाले, तर ४९ मीटर. चांगल्या टायरवर ही मर्यादा वर सरकते, चांगल्या पॅडवर सरकत नाही. तुमचे अंतर खरोखरच निम्मे झाले असेल, तर आधीच्या पॅडवर तेल सांडले होते की कॅलिपर अडकला होता, ते तपासायला हवे.

पॅडमुळे मिळते ते सातत्य. दहावा ब्रेक पहिल्यासारखाच लागतो. दुसरी मिळकत म्हणजे पेडलमधून येणारी जाणीव, अर्थात किती दाबाला किती मंदन मिळेल याचा पायाला येणारा अंदाज. या दोन्हींचे मोल मोठे आहे, पण मीटरपट्टीने एका ब्रेकमध्ये मोजता येईल असे ते नाही.

तप्तचकती

आता कंपाउंडकडे येऊ.

पॅड म्हणजे पोलादी पाटीवर चिकटवलेला एक दाबीव लगदा. त्यात तंतू, धातूचा चुरा, ग्रॅफाइटसारखे वंगण, अपघर्षक कण आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे रेझीन असते, बहुधा फिनॉलिक. ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक, सिरॅमिक ही नावे या लगद्यातल्या घटकांच्या प्रमाणावरून पडलेली आहेत, आणि त्यांच्या सीमारेषा विक्रेते सांगतात तितक्या ठाम नाहीत. ऑरगॅनिक पॅड शांत, मऊ आणि थंडीत चांगले असतात, पण लवकर हात टेकतात. सेमी-मेटॅलिक उष्णता सोसतात, पण भुगा आणि आवाज जास्त करतात. रस्त्यासाठीचे बहुतेक सिरॅमिक पॅड स्वच्छता आणि शांतता यांसाठी बनवलेले असतात. नाव ऐकून त्यांना शर्यतीचे समजू नये, कार्बन-सिरॅमिक डिस्कशी तर त्यांचा काहीच संबंध नाही. त्या डिस्कला त्यांचेच पॅड लागतात.

ट्रॅकवर तुमच्या पॅडचे काय झाले असावे, तेही सांगतो. रेझीन ठरावीक तापमानाच्या पुढे विघटित होऊ लागते, त्यातून वायू सुटतो आणि पॅड-डिस्कच्या मध्ये त्याचा पातळ थर येतो. पॅड त्या थरावर तरंगतात. चाक काढून पॅडच्या कडा पाहा. त्या राखाडी-पांढऱ्या पडून खडूसारख्या भुरभुरत असतील, तर रेझीन जळून गेले आहे असे समजावे. ते पॅड निवल्यावर पुन्हा लागत असले तरी वापरू नयेत.

निवड करताना पुडक्यावरचे रंगीत शब्द वाचण्याऐवजी पॅडच्या कडेवर किंवा पाटीवर छापलेली अक्षरे वाचावीत. अमेरिकी पद्धतीत दोन अक्षरे असतात, पहिले साधारण तापमानाच्या घर्षणाचे आणि दुसरे तप्त अवस्थेतले. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि एच म्हणजे त्याहून वर. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर तो पॅड तापल्यावर ढेपाळतो असे समजावे. मात्र ही चाचणी पॅडच्या लहानशा तुकड्यावर, ठरलेल्या तापमानापर्यंतच होते, म्हणून एफएफ लिहिलेले दोन पॅड ट्रॅकवर एकसारखे वागतील असे नाही. उलट, युरोपच्या आर ९० नियमानुसार मान्यता मिळालेला पॅड प्रत्यक्ष गाडीवर, मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांच्या आत वागतो हे सिद्ध करावे लागते. थंड अवस्थेतल्या भरवशासाठी मी या खुणेला सर्वांत जास्त वजन देतो.

बाजारातली उदाहरणे द्यायची तर फेरोडोचा डीएस परफॉर्मन्स हा आर ९० मान्यतेचा, रस्त्यासाठीचा पॅड आहे. त्याच घरातला डीएस २५०० हा ट्रॅककडे झुकलेला असून त्याला ती मान्यता नाही, आणि तरीही थंड अवस्थेत तो शर्यतीच्या पॅडइतका बेभरवशाचा नाही, म्हणून मधल्या वर्गात त्याचे नाव हटकून निघते. पॅजिडचा आरएस २९ हा लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठीचा. ईबीसीने हिरवा, लाल, पिवळा, निळा अशी रंगांची उतरंड केली आहे, पण एका कंपनीच्या रंगाचा दुसऱ्या कंपनीच्या रंगाशी काही मेळ नसतो.

जाता जाता एक गंमत. फेरोडो हे नाव हर्बर्ट फ्रूड यांच्या आडनावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांच्या नावाचे आद्याक्षर त्यात मिसळून बनलेले आहे. त्यांनी १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी हा उद्योग सुरू केला, तेव्हा ब्रेक लावायचे होते ते घोडागाड्यांना.

सकाळचा पाऊस

कडेवर पानांची चित्रे असतात, ती कशाची?

तप्तचकती

ती तांब्याच्या प्रमाणाची खूण आहे. पॅडच्या भुग्यातले तांबे पाण्याबरोबर वाहत जाऊन माशांना अपाय करते, म्हणून अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. एन अक्षर आणि तिन्ही पाने भरलेली असतील, तर तांबे ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नाही. ब्रेक किती लागतो याच्याशी या खुणेचा थेट संबंध नाही, पण तांबे उष्णता वाहून नेण्याचे काम करत असे. त्यामुळे जुन्या नावाने विकल्या जाणाऱ्या कंपाउंडची घडण मधल्या काळात बदललेली असू शकते. पंधरा वर्षांपूर्वीची प्रशंसा वाचून आज पॅड मागवताना हे ध्यानात ठेवावे.

घाटवळण

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. आणखी एक शंका आहे. बहुतेक काम पुढच्याच चाकांवर पडत असेल, तर फक्त पुढचे पॅड बदलून भागेल का?

दहाचा पाना

भागते, पण मी तसे करत नाही. पुढच्या पॅडचा गुणांक वाढला आणि मागचा तसाच राहिला, तर तेवढ्याच मंदनासाठी मागचे चाक आणखी कमी काम करते आणि पुढचे आणखी तापते. उलटे केले, म्हणजे मागे जास्त चावरे पॅड लावले, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या शेपटीच्या गाडीत ते धोकादायक ठरते. वळणात शिरताना ब्रेक लावला की मागचा भाग सुटू पाहतो. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बरेच सावरून घेते, पण तिचे गणित मूळ पॅडवर बसवलेले असते. पुढे-मागे एकाच मालिकेतले पॅड घ्यावेत, आणि ते शक्य नसल्यास मागे मूळचेच ठेवावेत.

मागच्या कॅलिपरला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टन मागे ढकलू नये. आतले गिअर तुटतात. तसेच पिस्टन मागे जाताना टाकीतले ऑइल वर चढते, म्हणून आधी थोडे उपसून घ्यावे. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

बसवताना बहुतेक जण ज्याकडे दुर्लक्ष करतात, ती जागा म्हणजे पॅड ज्या खोबणीत सरकतो ती. तिथल्या पातळ पोलादी क्लिपखाली गंजाचा थर फुगतो आणि नवा पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागतो. असा ठोकलेला पॅड ब्रेक सोडल्यावर मागे सरकत नाही, डिस्कला चिकटून राहतो आणि तापतो. क्लिप काढून खोबण कानशीने साफ करावी. पॅड दोन बोटांनी सरकला पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन बाहेर काढून पुसाव्यात आणि त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे, कारण साध्या खनिज ग्रीसने रबर फुगते.

माझ्या एका गाडीला एका गॅरेजने नवे पॅड बसवून दिले होते आणि पिनांना हातसुद्धा लावला नव्हता. सहा महिन्यांत आतला पॅड पाटीपर्यंत गेला आणि बाहेरचा नव्यासारखा राहिला. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो.

तप्तचकती

बेडिंगबद्दल, म्हणजे नव्या पॅडचा थर डिस्कवर बसवण्याबद्दल, लिहायचे राहिले होते. नवे पॅड लावताना डिस्कवर जुन्या कंपाउंडचा थर असतो. नवा पॅड त्यावर आपला थर नीट चढवू शकत नाही. शक्य असल्यास डिस्क नव्या घ्याव्यात, नाहीतर पॉलिश पेपरने जुना थर काढून स्पिरिटने पुसाव्यात.

मग मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ताशी १०० वरून २० पर्यंत आठदहा वेळा वेग उतरवावा. ब्रेक ठाम असावा, पण एबीएस लागू नये आणि गाडी पूर्ण थांबू नये. शेवटच्या दोनतीन वेळी वास येतो आणि पेडल किंचित फिके वाटते. नव्या रेझीनचा वायू निघत असतो, घाबरू नये. त्यानंतर दहा मिनिटे ब्रेकला शक्यतो हात न लावता गाडी चालवून निववावी. तप्त अवस्थेत सिग्नलवर पेडल दाबून उभे राहिलात, तर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. पुढे स्टिअरिंग थरथरू लागते आणि सगळे म्हणतात की डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा ती वाकडी नसते. तिच्यावरचा थर असमान असतो, आणि ०.०२ मिलिमीटरचा फरकही पेडलला जाणवतो. लवकर लक्षात आले, तर पुन्हा बेडिंग केल्याने दोष जातो. फार दिवस तसाच ठेवला, तर ठशाच्या जागी लोखंडाची घडण बदलून कठीण डाग पडतात आणि मग डिस्क बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

कंपनीने स्वतःची पद्धत दिली असेल, तर माझी बाजूला ठेवावी.

सकाळचा पाऊस

ट्रॅकसाठी एक उपाय सुचवतो. डिस्कच्या कडेवर तापमानदर्शक रंगाचे तीन पट्टे ओढावेत. नेहमीच्या संचात हिरवा ४३० अंशांना पांढरा होतो, नारिंगी ५६० ला पिवळा आणि लाल ६१० ला पांढरा. त्यावरून तुमच्या गाडीला, तुमच्या पायाला, नेमका कोणत्या तापमानाचा पॅड लागतो ते कळते. मी हे पॅड घेतल्यानंतर केले, आधी करायला हवे होते.

घाटवळण (दोन महिन्यांनी)

झालेली प्रगती नोंदवतो.

चाके काढली तेव्हा पुढच्या डाव्या बाजूचा आतला पॅड ४ मिलिमीटर आणि बाहेरचा ८ मिलिमीटर उरला होता. खालची स्लाइड पिन हाताने फिरतही नव्हती. चारही पॅडच्या कडा खडूसारख्या झाल्या होत्या, नखाने भुगा पडत होता. टाकीतले ऑइल चहाच्या रंगाचे होते.

पुस्तिकेत सांगितलेले पातळ डॉट ४ भरले आणि चारही चाकांतून हवा काढली. पिना आणि खोबणी साफ केल्या. पुढे-मागे एकाच मालिकेतले, आर ९० मान्यतेचे रस्त्यासाठीचे स्पोर्ट पॅड लावले आणि पुढच्या डिस्क नव्या घेतल्या. बेडिंगनंतर डिस्कवर आरशासारखी चकाकी न राहता एकसारखी निळसर-राखाडी झाक आली. पेडल पूर्वीपेक्षा किंचित वर लागते, पावसातल्या पहिल्या ब्रेकला जुन्यापेक्षा वेगळे काही जाणवत नाही आणि भुगा थोडा वाढला आहे.

तोच घाट पुन्हा उतरलो, पण या वेळी गिअर हाताने खाली ठेवून. सतत पाय टेकवण्याऐवजी वळणाआधी ठाम ब्रेक लावून सोडत गेलो. खाली पोहोचल्यावर पेडल जिथे होते तिथेच होते. यातले श्रेय पॅडला किती, ऑइलला किती आणि गिअरला किती, हे वेगळे काढता येणार नाही. माझा अंदाज विचाराल तर पॅडचा वाटा तिघांत सर्वांत लहान आहे.

ट्रॅकवर मात्र पॅडचेच काम होते. पाच-पाच फेऱ्यांचे चार टप्पे केले आणि प्रत्येक टप्प्याची शेवटची फेरी न दाबता, डिस्क निववत पूर्ण केली. चौथ्या टप्प्यात पेडल थोडे लाकडी वाटले, पण उभे राहण्याची वेळ आली नाही. शर्यतीचे पॅड मागवायचे की नाही, हा प्रश्न मनात अजून होता, म्हणून परतताना पुन्हा खाली वाकून डिस्कवर ओढलेले रंगाचे पट्टे पाहिले. हिरवा पूर्ण पांढरा झाला आहे. नारिंगी अजून नारिंगीच आहे.